दुधीला फुलं ढीगभर, फळ मात्र पिवळं पडून गळतं. मधमाशीची पेटी आणू का?

मंडपवाला | ४ सप्टेंबर, रात्री ९.१०

राम राम मंडळी. आर्वी तालुक्यात आमचं वावर आहे. पऱ्हाटी (कापूस) आणि तूर नेहमीचीच. यंदा विहिरीजवळच्या तुकड्यात मंडप टाकून अर्ध्यात काकडी आणि अर्ध्यात दुधी लावला. काकडी बरी चालू आहे, एक दिवसाआड तोडा निघतो. दुधीचं काही खरं नाही. फुलं पांढरीशुभ्र, मंडप भरून. मादी फुलामागे बोटाएवढा दुधी दिसतो, आपण खूश होतो, आणि चार दिवसांत तो टोकाकडून पिवळा पडतो, आखडतो, गळतो.

कृषी केंद्रातून एक टॉनिक आणलं. मग बोरॉन. मग दुसरं टॉनिक. उधारीचं पान भरलं, दुधीची टोपली रिकामीच. शेजारचे काका म्हणतात, "मधमाश्याच राहिल्या नाहीत, परागीभवन कोण करणार? पेटी आण." पेटी भाड्याने मिळते असं ऐकलं. दुधीला तिचा उपयोग होईल का? पुढे तुरीलाही होईल का? अनुभव असेल त्यांनी सांगा.

बंड्या_काटोल | रात्री ९.२५

पेटी आना अन् पहिले टॉनिकवाल्याच्या दुकानात उघडा.

शेडनेटवाली | रात्री १०.०२

टॉनिक बंद करा आधी. पिवळा पडत आलेला एक दुधी तोडा आणि ब्लेडने उभा चिरा. सालीवर सुईच्या टोकाएवढा डाग, त्यातून डिंक आलेला, आत बारीक पांढरी अळी वळवळते आहे, असं असेल तर ती फळमाशी. मग क्यू-ल्यूरचे (नर फळमाशीला ओढणाऱ्या वासाचे) सापळे टांगायचे आणि सडकी फळं गोळा करून खोल पुरायची. आत अळी नाही, बी पोचट, फळ टोकाकडून आखडलेलं, असं असेल तर त्या फुलापर्यंत पराग पोचलाच नाही. दोन्हींत फळ पिवळंच पडतं, म्हणून दुकानदाराला दोघांवर एकच बाटली विकता येते.

मी देऊळगाव राजाकडची. आमच्याकडे शेडनेटमध्ये बियाण्याचे प्लॉट असतात, टोमॅटो, मिरची, काकडी. आत माशीला येऊच द्यायचं नसतं, ती भलत्याच झाडाचा पराग आणून टाकते. तिचं सगळं काम बाया करतात. टोमॅटोची उद्या उमलणारी कळी संध्याकाळी चिमट्याने सोलायची, पुंकेसरांची पिवळी नळी अलगद उपटायची, मधल्या हिरव्या काडीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग बोटातल्या अंगठीच्या वाटीत घेऊन त्या काडीचं टोक त्यात बुडवायचं. क्रॉसिंग झालेलं फूल ओळखू यावं म्हणून मागची दोन हिरवी दलं कापायची. पाठ धरते, मान धरते. माशीला मजुरी द्यावी लागत नाही याची किंमत आम्हाला विचारा.

मंडपवाला | ५ सप्टेंबर, सकाळी ७.४०

ताई, चिरून पाहिले. अळी नाही, डंखही नाही. आत सगळं पांढरं, बी म्हणजे नुसत्या पापड्या.

पुण्यातला_वाशीमकर | सकाळी ११.१५

म्हणजे मधमाश्यांचाच प्रश्न. आईनस्टाईनने म्हणूनच ठेवलंय की मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालच आलं होतं.

निवृत्त_मास्तर | दुपारी १२.३०

वाशीमकर, आईनस्टाईन असं म्हणाल्याचा कुठे पुरावा नाही. भौतिकशास्त्रज्ञाच्या तोंडी काहीही घातलं की लोक पुढे ढकलतात.

गहू, तांदूळ, ज्वारी, मका यांना माशी लागत नाही. गहू आणि धान स्वतःच्या परागावर भागवतात, मक्याचं काम वारा करतो. मक्याच्या कणसातला केसाचा एकेक धागा एकेका दाण्याचा असतो. ज्या धाग्यावर पराग पडला नाही तो दाणा भरत नाही, म्हणून कणसात मध्येच बोळकं राहतं. २००७ साली आलेल्या एका जागतिक आढाव्यात ११५ प्रमुख पिकं तपासली होती. त्यातल्या ८७ पिकांना प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमीजास्त फायदा होतो. पण उत्पादनाच्या वजनात या पिकांचा वाटा ३५ टक्के. म्हणजे माशी गेली तर भाकर राहील, भाकरीसोबतचं बरंचसं जाईल.

बंड्या_काटोल | दुपारी १२.४१

मास्तर, मंग नुसती भाकर अन् ठेचा?

निवृत्त_मास्तर | दुपारी १२.४४

ठेचा राहील. मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर बऱ्यापैकी धरतं.

शेडनेटवाली | दुपारी १२.५०

आणि वर जवसाचं तेल. जवसही स्वपरागीच. चला, विदर्भ तगला.

पऱ्हाटी_पुराण | दुपारी ३.२०

मुख्य पिकांचं बोला. आपल्याकडे खरिपात कापूस, तूर, सोयाबीन. सोयाबीनचं फूल उमलायच्या आतच परागाचं काम उरकून घेतं, त्याला पेटी ठेवली काय नि न ठेवली काय. कापूसही बव्हंशी स्वपरागी. पराग जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाही. जो थोडा इकडून तिकडे जातो तो माश्या-भुंग्यांच्या अंगावरूनच. पहिल्या दिवशी फूल साईच्या रंगाचं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. गुलाबी झालं की त्याचा बाजार उठला, त्यावर माशी फिरकतही नाही.

एक गंमत पाहा. पऱ्हाटीचं पान उलटं करा आणि मधल्या शिरेवर बोट फिरवा. एक बारीक खळगा लागेल, त्यात गोड थेंब असतो. फूल लागण्याआधीही असतो. मुंग्या त्यासाठी चढतात. त्याचा परागीभवनाशी संबंध नाही, पण "पऱ्हाटीवर मुंग्या आल्या" म्हणून पावडर टाकणारे मी पाहिलेत.

संकरित कपाशीचं बियाणं मात्र हातानेच होतं. १९७० साली सुरतेला डॉ. सी. टी. पटेलांनी एच-४ काढला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. तेव्हापासून संध्याकाळी कळी सोला, सकाळी पराग लावा, हेच. ज्या सरकीच्या पाकिटासाठी आपण जूनमध्ये रांगा लावतो त्यातला एकेक दाणा कोणाच्या तरी बोटांखालून आलेला असतो. त्यात बरीच वर्षं लहान पोरी राबल्या, तेही सांगायला हवं.

वरूडची_सून | सायंकाळी ५.०५

संत्र्याचं मी सांगते. आमच्याकडे आंबिया बहाराला (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याला) पेट्या आणून ठेवल्या होत्या. मध मिळाला, वास सुरेख, घरात सगळे खूश. पण सासरे आल्या-गेल्याला सांगतात की पेटीमुळे फळ वाढलं, ते मला पटत नाही. नागपुरी संत्र्याचं फूल स्वतःच्या परागावरही धरतं. माशी आली तर फळधारणा थोडी सुधारते, एवढंच. त्या वर्षी ताण (फुलोऱ्याआधी पाणी तोडणं) नीट बसला होता, फुलोऱ्यात पाऊस आला नाही, पाणी वेळेवर होतं. श्रेय पेटीला.

फळगळ हा आमचा खरा रोग. ती उन्हाने होते, बुरशीने होते, पाणी कमीजास्त झालं की होते. आणि या दिवसांत रात्री पतंग येऊन फळाला सोंड खुपसतो, त्याने होते. यातल्या कशालाच पेटी उत्तर नाही.

सासरवाडी_मोर्शी | सायंकाळी ५.३०

वहिनी, सासरे या धाग्यावर नाहीत ना?

वरूडची_सून | सायंकाळी ५.३२

त्यांना व्हॉट्सॲपच पुरतं.

धुऱ्यावरचा | रात्री ८.१५

पेटी पेटी करून रायले सारे. माश्यायचं घर कुठी हाये ते पहा पहिले. माह्या लहानपनी आमचा धुरा, म्हंजे वावराचा बांध, बंडी जाईन एवढा रुंद व्हता. त्यावर बोर, हिवर, पळस, एक वाळलेलं बाभुयीचं खोड. त्या खोडाले बोटभर गोल छेद, अन् त्यातून कायेकुट्ट भुंगे निंघत. आता जेसीबी आनून धुरा कोरला, पेरनीचे दोन तास, म्हंजे ओयी, वाढले, खोड चुलीत गेलं. आता वांग्याचं फूल त्या भुंग्यासाठी रडते.

वांग्याच्या फुलावर भुंगा कसा बसते ते पाह्यलं का कोनी? फुलाले पोटाशी धरते, पंख बंद, अन् वेगळाच आवाज काढते, उडतानीच्या आवाजाहून बारीक अन् चढा. पिवळी भुकटी त्याच्या पोटावर सांडते. मधमाशी तथी येते, फिरते, अन् रिकाम्या हातानं जाते. काहून, थे मास्तर सांगतीन.

निवृत्त_मास्तर | रात्री ८.५०

फार नेमकं पाहिलंत. वांगी आणि टोमॅटो यांच्या परागकोशाला बाजूने चीर पडत नाही, फक्त टोकाला छिद्र असतं. मिठाच्या डबीसारखं हलवल्याशिवाय आतून काही पडत नाही. भुंगा पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि ती थरथर फुलाला देतो. काळा मोठा भुंगा हे करतो, पोटावर निळे पट्टे असलेली एक चपळ एकांडी माशीही करते. मधमाशीला ते जमत नाही. टोमॅटो थोडाफार वाऱ्याने हलूनही धरतो, पण हरितगृहात वारा नसतो, म्हणून १९८० च्या दशकाच्या शेवटी युरोपात या कामासाठी केसाळ बंबलबी पाळून विकायला लागले. ती थंड मुलखातली माशी, आपल्याकडच्या शेतात ती नाही.

काळा भुंगा घर करतो वाळक्या लाकडात किंवा बांबूत. धुऱ्यावर दोन वाळकी ओंडकी राहू दिली तर त्याला पेटीचं भाडं नाही.

पुण्यातला_वाशीमकर | रात्री ९.१२

भुंगा लाकूड पोखरतो ना? आमच्या गावच्या घराच्या वाशांची चाळणी केली होती. बाबा रॉकेलचा बोळा कोंबायचे.

धुऱ्यावरचा | रात्री ९.२०

म्हनून तर म्हनतो, धुऱ्यावर खोड ठेवा. त्याले वासे कायले लागतीन?

झाडीतला | ६ सप्टेंबर, सकाळी ८.३०

मी गोंदियाकडचा. तुम्ही लोक माश्यांवरच अडकलात. आमच्याकडे मोहाचं झाड मार्च-एप्रिलमध्ये पानं झाडून फुलतं. रात्री त्यावर वटवाघळं येतात. मोहाचा जो मांसल गोड भाग आपण वेचतो तोच ती खायला येतात, तोंडाला आणि छातीला पराग फासून दुसऱ्या झाडावर जातात. पहाटे झाडाखाली पांढरा सडा पडतो आणि टोपल्या घेऊन बायका-पोरं हजर. फूल वेचलं तरी फळ जात नाही, कारण गळतो तो पाकळ्यांचा भाग, फळ धरणारा भाग वर फांदीलाच राहतो. म्हणजे वटवाघूळ, माणूस आणि झाड तिघांचंही भागतं. जंगलाचं मात्र नेहमीच भागत नाही. वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पालापाचोळा पेटवतात आणि ती आग कधी कधी पुढे सरकत जाते.

काटेसावरीवर दिवसा पक्षी आणि रात्री पुन्हा वटवाघळं. पळसावर मैना, कोतवाल, खार, सगळे मध प्यायला येतात, पण खरं काम करतो तो बोटाएवढा जांभळा शिंजीर. त्याची चोच आणि फुलाची घडण जुळते. बाकीचे बरेचसे फुकटे.

आणि पाण्याचं राहिलंच. आमच्या मालगुजारी तलावांत (मालगुजारांच्या काळातले जुने गावतलाव) पाण्याखाली लांब पट्टीसारखी पानं असलेली वनस्पती असते, व्हॅलिस्नेरिया. नर झाडाची फुलं मोहरीएवढी. ती तळाशी सुटतात, बुडबुड्यासोबत वर येतात आणि पाण्यावर तरंगतात. मादी फूल लांब देठाने पृष्ठभागापर्यंत येतं, पाण्याला जराशी खळगी पडते आणि तरंगत आलेली नर फुलं त्या खळगीत घसरतात. काम झालं की मादीचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून फळ खाली ओढून घेतो. गाळ काढताना ट्रॅक्टर तळ खरवडतात तेव्हा हेही जातं, आणि त्यात अंडी घालणारे मासेही.

बंड्या_काटोल | सकाळी ८.४५

भाऊ, इथं माणसायचं जुळून नाही रायलं, अन् पान्यातल्या गवताचं असं बसल्या जागी जुळते.

काटवलप्रेमी | सकाळी ९.३०

जुळण्यावरून निघालंच आहे तर माझं दुःख. बांधावरून काटवलाचे (कर्टोलीचे) कंद आणून लावले. वेल जोरात, फुलं जोरात, काटवल शून्य.

शेडनेटवाली | सकाळी ९.५५

काटवलात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. तुमचे सगळे एकाच जातीचे निघाले असतील. फुलाच्या मागे बघा. नराच्या फुलामागे पानासारखं टोपरं असतं, मादीच्या फुलामागे बारकं काटेरी काटवल. साधारण दहा मादी वेलांमागे एक नर वेल पुरतो.

बंड्या_काटोल | सकाळी ९.५८

आमच्या गावात उलटं हाये. दहा पोट्टे, वावर सात एकर, अन् पोरगी म्हनते नोकरीवालाच पाहिजे.

वरूडची_सून | सकाळी १०.१०

पोरगी बरोबर म्हणते.

पऱ्हाटी_पुराण | सकाळी १०.४०

धागा लग्नाकडे जाण्याआधी: सगळे माश्या कमी झाल्या म्हणतात, पण त्या कशाने कमी झाल्या ते बोला. बियाण्याला आधीच इमिडाक्लोप्रिड किंवा थायोमिथोक्झाम लावलेलं येतं, ही निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं. युरोपियन युनियनने २०१८ साली त्या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, त्यात ही दोन्ही होती. वरून आपण दोन-तीन औषधं मिसळून कॉकटेल मारतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. जिथे पाठीवर पंप घेतलेला धडधाकट माणूस टिकला नाही तिथे माशीचं काय घेऊन बसलात?

मंडपवाला | दुपारी १.१५

पऱ्हाटी भाऊ, ते लक्षात आहे म्हणूनच मी दुपारी कधी फवारत नाही. "मधमाश्या घरी गेल्यावर फवारा" हे एका शिबिरात सांगितलं होतं. मंडपावर माझा पंप साडेपाच-सहाला चालतो, आठवड्यातून दोनदा तरी. टॉनिकही तेव्हाच.

निवृत्त_मास्तर | दुपारी १.४०

मंडपवाले, थांबा. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की काकडी धरते, दुधी धरत नाही. मंडप एक, पाणी एक, खत एक. मग माश्या काकडीपुरत्या आहेत आणि दुधीपुरत्या नाहीत, असं कसं होईल?

काकडीचं फूल सकाळी उमलतं. मधमाशी सकाळी येते, काकडीचं काम होतं. म्हणजे तुमच्याकडे माश्या आहेत. दुधीचं फूल उमलतं संध्याकाळी, रात्रभर उघडं राहतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढता चढता मान टाकतं. त्याचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे रात्रीचे पतंग, फुलासमोर हवेत तरंगत लांब सोंडेने मध पिणारे. फूल पांढरं असतं ते अंधारात दिसावं म्हणून. तुमचा पंप नेमका फूल उमलताना त्याच्या तोंडावर चालतो. पतंग मरतात किंवा वासाने फिरकत नाहीत, आणि पराग भिजून वाया जातो. शिबिरातला सल्ला तुरीला आणि काकडीला चोख आहे. दुधीला तो उलटा पडतो.

शेडनेटवाली | दुपारी २.०५

मास्तर, निदान पटलं. फक्त पांढऱ्या रंगाचा नियम करू नका. दोडक्याचं फूल पिवळंधमक, तरी उमलतं संध्याकाळीच. आणि पहाटे उजाडताना मधमाश्या दुधीच्या उरल्यासुरल्या फुलांवर जातात, मी पाहिलंय. पण त्यांच्या भरवशावर मंडप चालत नाही.

मंडपवाले, आजच करून बघा. सहा-साडेसहाला ताजं उमललेलं नर फूल तोडा. त्याचा देठ लांब आणि मागे दुधी नाही, तेच नर. पाकळ्या मागे दुमडा किंवा काढून टाका. मधला पिवळा गोंडा बोटाला लावून बघा, भुकटी लागली पाहिजे. तो मादी फुलातल्या जाड ओलसर टोकांवर सगळीकडून फिरवा. एकाच बाजूला लागला तर दुधी वाकडा वाढतो. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. देठाला सुतळी बांधून खूण करा, म्हणजे आपलं काम कोणतं आणि पतंगाचं कोणतं ते कळेल.

वरूडची_सून | दुपारी २.३०

सीताफळालाही हेच. त्याचं काम बारके भुंगेरे करतात, पण फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, त्यामुळे एकाच फुलात जुळत नाही. ब्रशने पराग लावला तर फळ चारी बाजूंनी भरतं, नाहीतर एका अंगाने खोल बसलेलं निघतं.

पऱ्हाटी_पुराण | दुपारी ३.००

मंडपाजवळ दिवा आहे का? डुकरांसाठी लोक रात्रभर हॅलोजन लावतात. आणि प्रकाश सापळा असेल तर बघायलाच नको, किडीच्या पतंगासोबत कामाचा पतंगही त्यात जातो.

मंडपवाला | दुपारी ३.२०

विहिरीवर एक एलईडी आहे. रात्रभर चालू असतो.

झाडीतला | दुपारी ३.४५

एका दिव्याने इतकं होत नाही हो. आमच्या अंगणातला दुधी दिव्याखालीच चढलाय, देऊन देऊन कंटाळला.

पऱ्हाटी_पुराण | दुपारी ३.५०

अंगणात दिवा नऊला बंद होतो आणि फवारणी शून्य. मंडप आणि अंगण एका मापाने मोजू नका.

झाडीतला | दुपारी ४.००

आमच्याकडे वीज असते कुठे नऊपर्यंत?

मंडपवाला | १७ सप्टेंबर, रात्री ८.३५

उशिरा लिहितो आहे, पोळ्यानंतर पाहुणे होते. संध्याकाळची फवारणी बंद केली, दिवाही बंद ठेवला. आई आणि मी मिळून सुतळ्या बांधल्या. हाताने लावलेले बहुतेक धरले, आता मनगटाएवढे आहेत. न बांधलेल्यांतलेही काही धरू लागलेत. ते दिव्यामुळे की फवारणीमुळे हे सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच बंद केलं. काल अंधारात टॉर्चवर लाल कागद लावून बसलो होतो. एक राखाडी पतंग आला, चिमणीच्या पिल्लाएवढा. फुलाला पाय न टेकवता सोंड आत घालतो आणि लगेच पुढच्यावर. आई म्हणाली हे पाखरू तिने पाहिलंय, पण ते कामाचं आहे हे माहीत नव्हतं.

आता किडीसाठी फवारायचं कधी? आणि तुरीच्या पेटीचं राहूनच गेलं.

निवृत्त_मास्तर | रात्री ९.००

दुधीवर फवारायचंच झालं तर सकाळी, फुलं मिटल्यावर. पण शेजारी काकडी फुललेली असते, तिच्यावर उडू देऊ नका, वारा पाहून मारा. मुळात आठवड्यातून दोनदा मारण्यासारखं काही आहे का, हे आधी पान उलटून बघा.

पेटीवाला_चिखलदरा | रात्री ९.४०

तुरीचं मी सांगतो, माझ्या पेट्या फिरत असतात. तुरीचं फूल स्वतःच्या परागावर धरतं, त्यामुळे "पेटी आणा, दुप्पट तूर" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. पण माशीची ये-जा असली तर शेंग बरी धरते, आणि मला मध मिळतो, म्हणून दोघांचं जमतं. फुलोरा नुकता सुरू झाला की एकरी एक-दोन पेट्या पुरतात. कळीत आणून ठेवल्या तर माश्या दुसरीकडे चरायची सवय लावून घेतात. सावली आणि जवळ पाणी हवं. पेटी रात्री तोंड बंद करून आणायची. एकदा ठेवली की वावरातल्या वावरात सरकवायची नाही, माश्या जुन्याच जागी परततात आणि तिथेच घोंघावत बसतात.

आग्या मोहोळ पेटीत राहत नाही, कोणी देतो म्हणाला तर घेऊ नका. पेटीत सातेरी (देशी) किंवा मेलिफेरा (युरोपीय) मधमाशी. धुऱ्यावर फुलोरीचं छोटं पोळं झुडपात लटकलेलं असेल तर ते तसंच राहू द्या, तीही तुमच्याच तुरीवर येते.

पऱ्हाटी_पुराण | रात्री १०.१०

घरचं तुरीचं बियाणं ठेवत असाल तर एक गोष्ट. तुरीत परपरागीभवन सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास होतं, ठिकाणानुसार खूप कमीजास्त. शेजाऱ्याचा वाण वेगळा असेल तर त्याच्याकडून शे-दोनशे मीटर आतल्या भागातलं बियाणं धरा. माशीच्या याच सवयीवर १९९१ साली इक्रिसॅटच्या (हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था) तुरीचा संकरित वाण आला, आयसीपीएच ८. कापसासारखं बोटांनी कळ्या सोलणं तुरीत परवडलंच नसतं, तिथे पराग नेण्याचं काम माश्यांवरच सोडलं होतं.

मंडपवाला | रात्री १०.२५

मग तुरीला दोन पेट्या सांगतो. पेटीवाले भाऊ, व्यनि (खासगी निरोप) केला आहे.

पेटीवाला_चिखलदरा | रात्री १०.३१

पाहिला. फूल दिसायला लागलं की फोन करा. आजूबाजूला कोण कधी फवारतं ते आधी विचारून ठेवा, ती तारीख असेल त्या रात्री मला पेट्यांची तोंडं बंद करावी लागतात.

काटवलप्रेमी | १८ सप्टेंबर, सकाळी ७.५०

शेडनेटवाली ताई, तपासलं. सगळ्या फुलांमागे टोपरं. एकूण एक नर. आता मादी कंद कुठून आणू?

शेडनेटवाली | सकाळी ८.१५

आत्ता आणू नका. ज्यांच्या बांधावर काटवल लागतंय त्यांना विचारून आजच त्या वेलाच्या बुडाशी चिंधी बांधून या. वेल वाळला की नर-मादी ओळखू येत नाही. कंद उन्हाळ्यात खोदा, पावसाच्या तोंडावर लावा. बियांपासून करू नका, त्यात निम्मे नर निघतात आणि फूल येईपर्यंत कळत नाही. आणि तुमचा एक नर ठेवा, बाकीचे कोणाला हवेत का विचारा.

बंड्या_काटोल | सकाळी ८.२०

आमच्या गावात नोका पाठवू.